युरियाची गोणी आणि नीटचा पेपर



या सदरात एरवी आपण बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आज बोलायचे आहे ते घरात पुस्तक घेऊन बसलेल्या लेकरांविषयी. पोंभुर्णा भागातल्या एका भगिनीने विचारले आहे, "मुलगी बारावी विज्ञानाला आहे. भौतिकशास्त्र समजते म्हणते, सूत्रेही पाठ आहेत. पण सराव पेपरात गणिते अर्धीच होतात, वेळ पुरत नाही. लोक म्हणतात नागपूरला नाहीतर लातूरला क्लासला पाठवा. दोन एकर धानात ते जमायचे कसे?"

प्रश्न एकट्या तिचा नाही. अंधारी-वैनगंगेच्या या पट्ट्यात आता पुष्कळ घरांत मुलगा किंवा मुलगी नीटची नाहीतर सीईटीची तयारी करते. चंद्रपूरला २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यापासून डॉक्टर होणे फार दूरचे वाटत नाही. आणि केवळ डॉक्टरकीच नव्हे, मी ज्या शिक्षणावर ही नोकरी केली त्या कृषी पदवीलाही आता सीईटी द्यावी लागते. आमच्या वेळी बारावीचे गुण पाहून प्रवेश होत असे. तेव्हा हा विषय आपल्या शेतीच्या सदराबाहेरचा आहे असे समजू नका.

आधी परीक्षा कशी असते ते पाहू. २०२५ च्या नीटमध्ये प्रश्न १८० आणि मिनिटे १८० होती. त्यांत भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक गुण वजा. राज्याच्या सीईटीत चुकल्याबद्दल गुण कापत नाहीत, पण भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत उरकावे लागतात. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. कॅल्क्युलेटर दोन्हीकडे बंद. बारावी बोर्डाच्या परीक्षेत निदान लॉगची कोष्टके चालतात, इथे तीही नाहीत. हाती पेन, कोरी जागा आणि आपले डोके.

आता हिशेब करा. सूत्र येत असूनही आकडेमोडीत पाच प्रश्न चुकले तर वीस गुण गेले आणि वर पाच कापले गेले. पंचवीस गुणांचा फटका! त्यात तिला विषय येत नव्हता असे कोण म्हणेल? भौतिकशास्त्रात ती कच्ची नाही, गुणाकार-भागाकारात मंद आहे. एवढ्यासाठी लातूर गाठायची गरज नाही. यावरचे औषध घरीच आहे, बरेचसे तर तुमच्या खताच्या गोणीवर छापलेले आहे.

युरियाची रिकामी गोणी घ्या आणि मुलीला समोर बसवा. गोणीवर नत्र ४६ टक्के असे लिहिलेले असते. हे ४६ कुठून आले, असे तिला विचारा. तिच्या रसायनाच्या पुस्तकात युरियाच्या रेणूचे वस्तुमान ६० दिले आहे. त्यात नत्राचे दोन अणू, प्रत्येकी १४, म्हणजे २८. साठातले अठ्ठावीस म्हणजे शेकडा किती? परीक्षेत असा प्रश्न नेहमी येतो. मुले काय करतात, तर २८०० ला ६० ने भागायला बसतात आणि दशांश चिन्हाशी झगडतात. तसे करू नये. आधी चारने छेद द्यावा, ७ भागिले १५ उरते. पंधराचे निम्मे साडेसात. आपल्याकडे सात आहेत, म्हणजे निम्म्याला अर्धा कमी. अर्धा भागिले पंधरा म्हणजे तिसावा हिस्सा, शेकड्यात ३.३३. पन्नासातून ३.३३ गेले, उरले ४६.६७. कागदाला पेनही न लावता उत्तर आले, आणि गोणीवरच्या ४६ शी ते जुळलेही.

याच चालीने अमोनियम सल्फेट पाहा. रेणूचे वस्तुमान १३२, त्यात नत्र २८. चारने छेद दिला की ७ भागिले ३३. आता भागू नका, वर आणि खाली तीनने गुणा, २१ भागिले ९९ होते. नव्व्याण्णव म्हणजे शंभरच समजा, उत्तर २१ टक्के आणि वर थोडेसे. नेमके २१.२. गोणीवर मात्र साडेवीसच्या आसपास लिहिलेले असते, कारण बाजारातले खत प्रयोगशाळेतल्यासारखे शुद्ध नसते. मुलीला हा फरक विचारा, रसायनही पक्के होईल.

गोणी हातात आहे तर तुमचे स्वतःचे गणितही करून टाकू. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. पन्नास किलोत नत्र २३ किलो, कारण सेहेचाळीसचे निम्मे तेवीस. त्यातून पाच किलोमागचे २.३ वजा केले की २०.७ उरले. धानाला हेक्टरी १०० किलो नत्र धरले आणि हेक्टर म्हणजे अडीच एकर धरला (नेमके सांगायचे तर २.४७), तर एकरी ४० किलो नत्र झाले. दोन गोण्यांत ४१.४ किलो आहे. म्हणजे सगळे नत्र युरियातूनच द्यायचे असेल तर एकरी जेमतेम दोन गोण्या, त्याही हप्त्याहप्त्याने. शेजाऱ्याने तीन टाकल्या म्हणून आपणही तीन टाकायच्या नाहीत! असो, तो विषय वेगळा.

वरच्या तिन्ही हिशेबांत आपण काय केले ते ध्यानात घ्या. गुणाकार करण्याआधी छेद दिला. अवघड आकडा जवळच्या सोप्या आकड्यावर नेला आणि कमी-जास्त किती झाले ते नंतर दुरुस्त केले. धान विकताना तुम्ही हेच करता. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २३६९ रुपये होता. ३७ क्विंटलचे किती? २४०० धरून ८८,८०० झाले. क्विंटलमागे ३१ रुपये जास्त धरले होते, ते ३७ वेळा म्हणजे ११४७. वजा केले, ८७,६५३ राहिले. मुलीला हे तुमच्याकडून शिकता येते. तुमची शाळा चौथीत सुटली असेल तरी बिघडत नाही.

घरात आजोबा-आजी असतील तर आणखी उत्तम. जुन्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत असत. औट म्हणजे साडेतीन. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणे-पै गेले, त्यामागोमाग वजनमापेही बदलली आणि हे पाढे शाळेतून हळूहळू उठले. व्यवहारापुरते ते योग्यच झाले. पण विज्ञानाच्या परीक्षेत अपूर्णांक काही उठले नाहीत.

पाऊण मोल वायूचे आकारमान किती, एका मोलाचे २२.४ लिटर धरा, असा प्रश्न आला. मुलगी २२.४ ला ०.७५ ने गुणत बसते. पाऊणकी येणारा म्हणेल, चौथा हिस्सा ५.६, तो काढला, १६.८ लिटर. मुलीला ०.१२५ दिसले की 'आठवा हिस्सा', ०.७५ दिसले की 'पाऊण' आणि ०.६२५ दिसले की 'दहा आणे' असे आपोआप सुचले पाहिजे. १.२५ ने गुणायचे तर सवायकी, २.५ ने गुणायचे तर दहाने गुणून चौथा हिस्सा.

आण्यांचे नाव निघाले म्हणून सांगतो. रुपयाचे सोळा आणे ज्यांच्या डोक्यात बसले आहेत त्यांना किरणोत्सर्गाचे गणित हसत येते. पदार्थ अर्धा व्हायला जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. पहिल्या अर्धायुष्यानंतर आठ आणे उरले, दुसऱ्यानंतर चार, तिसऱ्यानंतर दोन, चौथ्यानंतर एक आणा. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, म्हणून ६.२५ टक्के उरायला चार अर्धायुष्ये लागतात. संपले गणित! जीवशास्त्रातही तेच. मेंडेलच्या दोन गुणांच्या संकरात दुसऱ्या पिढीची वाटणी ९, ३, ३, १ अशी होते. बेरीज सोळा, म्हणजे पुरा रुपया. ४८० रोपांपैकी नऊ आण्यांच्या गटात किती? एका आण्याला ३०, नऊ आण्यांना २७०. आपल्या पिकाची आणेवारी जाऊन पैसेवारी आली, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'औंदा आठ आणे पीक' हे अजून आहेच. नातीला ते समजावून सांगायला लावा.

आता पेपर सोडवण्याच्या एका सवयीकडे वळू. प्रश्न वाचला की लगेच आकडेमोड सुरू करायची नाही. आधी चारही पर्याय पाहायचे. पर्याय दूरदूर असतील तर ढोबळ उत्तर पुरते, जवळजवळ असतील तरच बारीक हिशेब.

धानाच्या बियाण्याला आपण मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करतो, तीन टक्के द्रावणाची. दहा लिटरला ३०० ग्रॅम मीठ, वर तरंगते ते पोचट बी काढून टाकायचे. समजा परीक्षेत विचारले, ३०० ग्रॅम मिठाचे दहा लिटर द्रावण केले तर एका लिटरला किती मोल? मिठाचे रेणुवस्तुमान ५८.५. पर्याय ०.३१, ०.४१, ०.५१ आणि ०.६१. मुलगी ५८.५ ने भागायला घेईल तर दोन मिनिटे गेली. ५८.५ ऐवजी ६० धरा, ३०० भागिले ६०, पाच मोल. दहा लिटरमध्ये पाच, म्हणजे लिटरला ०.५. खालचा आकडा आपण मोठा धरला, म्हणून आलेले उत्तर खऱ्यापेक्षा थोडे कमी आहे. खरे उत्तर अर्ध्याच्या किंचित वर, म्हणजे ०.५१.

आकडा वाढवला की घटवला, आणि तो वर होता की खाली, एवढे डोक्यात ठेवले तर ढोबळ हिशेब धोका देत नाही. न ठेवले तर देतो. म्हणून मुलीने प्रत्येक वेळी बाजूला लहानशी खूण करावी, 'खरे जास्त' किंवा 'खरे कमी'.

वर्गमुळाचेही असेच. वीस मीटर खोल विहिरीत दगड सोडला, पाण्याला लागताना त्याचा वेग किती? गुरुत्व त्वरण १० धरले तर ४०० चे वर्गमूळ, सेकंदाला २० मीटर. ९.८ धरायला सांगितले असेल तर ३९२ चे वर्गमूळ काढावे लागेल. ३९२ हे ४०० पेक्षा आठने कमी. त्या आठाला विसाच्या दुपटीने म्हणजे ४० ने भागा, ०.२ आले. वीसातून वजा केले, १९.८. मात्र १ ते ३० चे वर्ग तोंडपाठ हवेत, त्याला पर्याय नाही.

मुले सर्वांत जास्त घाबरतात ती दहाच्या घातांना. उणे चौतीसावा घात म्हटले की हात थांबतो. त्यांना आधी पावसाचे गणित द्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी एक लिटर होते. हेक्टरमध्ये दहा हजार चौरस मीटर, म्हणजे दहाचा चौथा घात. ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५० गुणिले दहा हजार, पाच लाख लिटर. आकडे वेगळे, शून्ये वेगळी. हेच प्रकाशकणाच्या ऊर्जेला लावा. प्लांकचा स्थिरांक ६.६, घात उणे ३४. प्रकाशाचा वेग ३, घात ८. तरंगलांबी ५, घात उणे ७, आणि हिने भागायचे आहे. आधी नुसते आकडे घ्या, ६.६ गुणिले ३ म्हणजे १९.८, भागिले ५, जवळपास ४. मग घात, उणे ३४ अधिक ८ अधिक ७, उणे १९. ऊर्जा चार गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, जूलमध्ये. पर्यायांत घात निरनिराळे असतील तर नुसते घात मोजूनही उत्तर सापडते.

लॉगबद्दल थोडक्यात. २ चा ०.३०, ३ चा ०.४८ आणि ७ चा ०.८५, एवढे तीन पाठ करावेत. ५ चा लॉग म्हणजे एकातून २ चा वजा, ०.७०. सहाचा म्हणजे दोन आणि तीनची बेरीज, ०.७८. तुमच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेवर जो पीएच असतो तो यातूनच येतो. हायड्रोजन आयनांचे प्रमाण दोन गुणिले दहाचा उणे पाचवा घात असेल तर पीएच पाच वजा ०.३०, म्हणजे ४.७०. आणखी एक सोय सांगतो. वायूचा स्थिरांक ८.३१४ हा जवळपास २५ भागिले ३ आहे. तापमान ३०० असले की दोहोंचा गुणाकार सरळ २५००.

पण ढोबळपणा कुठे करू नये हेही सांगायला हवे. जवळजवळच्या दोन आकड्यांची वजाबाकी असेल तिथे मुळीच नको. धानाची भरलेली गोणी ४०.६ किलो भरली, आत धान ४० किलो. रिकाम्या गोणीचे वजन ०.६ किलो. ४०.६ ला कोणी ४१ धरले तर गोणी एक किलोची होईल. केंद्रावर असे कोणी केले तर तुम्ही भांडाल. आकडा एका टक्क्याने बदलला, उत्तर मात्र दीडपटीहून वर गेले. आणि एककांकडे लक्ष हवे. सेंटीमीटरचे मीटर करायचे राहिले तर पुढची सगळी हुशारी वाया जाते. चुकीचे ते उत्तर पर्यायांत मुद्दाम ठेवलेलेच असते.

सराव कसा करावा? वेगळा वर्ग लावू नका. शीघ्र गणिताच्या जाहिराती पुष्कळ येतात, दहा आकडी गुणाकार चुटकीसरशी शिकवतो म्हणतात. नीटमध्ये दहा आकडी गुणाकार येत नाही. तिथे ५८.५ येतो, २२.४ येतो, ९.८ येतो. त्यांच्याशी ओळख हवी. कृषी केंद्रात दुकानदार यंत्रावर बेरीज करतो, त्याच्या आधी मुलीने तोंडी सांगावी. बाजारातून येताना पिशवीतल्या मालाचा हिशेब तिच्याकडे द्या. फवारणीच्या पंपाला औषध किती मिली, तेही तिलाच विचारा, औषधाला हात मात्र तुम्हीच लावा. रोज वीस मिनिटे, घड्याळ लावून, मोबाइल दूर ठेवून. अभ्यास करताना उत्तर तपासायलासुद्धा मोबाइलवरचे यंत्र उघडू देऊ नका. तपासणी उलट्या रीतीने करावी, भागाकार केला असेल तर गुणून पाहावे. पुस्तके इंग्रजीत असली तरी पाढे जर मराठीत शिकले असतील तर डोक्यातला गुणाकार मराठीतच चालू द्यावा. त्यात कमीपणा नाही, वेळ वाचतो.

मुलीच्या आईला एवढेच सांगायचे आहे की, क्लासला पाठवायचे की नाही हा निर्णय दोन महिने थांबवता आला तर थांबवा. या दोन महिन्यांत दर रविवारी एक जुना पेपर वेळ लावून सोडवायला सांगा आणि चुकलेल्या प्रश्नांचे दोन ढीग करा. एका ढिगात विषयच समजला नव्हता असे प्रश्न, दुसऱ्यात समजला होता पण आकडेमोडीत घसरली असे. दुसरा ढीग मोठा असेल तर पैसे घरात राहू द्या. पहिला मोठा असेल तर चांगल्या शिक्षकाची गरज आहे, तो आधी कॉलेजातच शोधावा.

आता या आठवड्यासाठी चार गणिते देतो. घरातल्या सगळ्यांनी बसावे.

पहिले. तेंदूपत्त्याच्या एका पुड्यात ७० पाने आणि हजार पुड्यांचे एक प्रमाण गोणे. एका घराने रोज १५० पुडे असे १२ दिवस बांधले. पाने किती आणि गोणी किती?

दुसरे. पोटॅशच्या खतात, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडमध्ये, पोटॅशियम ३९ आणि क्लोरिन ३५.५. पोटॅशियम शेकडा किती? गोणीवर ६० लिहिलेले असते आणि तुमचे उत्तर त्याहून बरेच कमी येईल. ते का, हेही शोधा.

तिसरे. विहिरीत सोडलेला दगड बरोबर तीन सेकंदांनी पाण्याला लागला. त्वरण १० धरून खोली किती आणि ९.८ धरून किती? दोहोंत किती हातांचा फरक पडला?

चौथे. दोन गुणांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत ३२० रोपे आली. तीन आण्यांच्या एका गटात किती?

चारही मिळून सहा मिनिटांत व्हावीत. उत्तरे पुढील अंकात देतो.